शर्त आणि शर्यत

उरूस असो की जत्रा, आकाशपाळण्याच्या पलीकडे लाकडी फळ्यांचा एक उंच गोल हौद उभा असतो आणि त्यातून इंजिनांचा कानठळ्या बसवणारा आवाज येत असतो. हाच मौत का कुआँ. मुंबईला माहीमच्या उरुसातला तर प्रसिद्धच आहे. पण आमच्या टेंभुर्णीच्या पोरांनाही तो काय असतो हे सांगावे लागत नाही. तिकीट काढून जिन्याने वर जायचे आणि कठड्याला टेकून खाली पाहायचे. तळाशी दोन-तीन मोटारसायकली आणि एखादी जुनी मारुती. गाडी आधी तळाच्या उतरत्या कडेवरून चकरा मारून वेग घेते आणि बघता बघता उभ्या भिंतीवर आडवी धावू लागते.

पडत का नाही? मुले वर्गात हे हमखास विचारतात. गाडीला सरळ जायचे असते, भिंत तिला सतत आत वळवते. त्यामुळे चाके फळ्यांवर घट्ट दाबली जातात आणि त्या दाबातून जे घर्षण तयार होते, तेच गाडीचे वजन पेलते. हौद चाळीस फूट रुंद आणि वेग ताशी ५० किलोमीटर धरून गणित केले, तर चालकाच्या अंगावर त्याच्या वजनाच्या तिपटीहून जास्त भार येतो. एवढ्या भाराखाली डोळे उघडे आणि हात स्थिर ठेवायला वर्षांचा सराव लागतो. वेग कमी पडला किंवा टायर फुटला की खेळ संपला. यात जादू नाही आणि ताबीजही नाही, सगळा हिशेब आहे.

हा खेळ मूळचा आपला नव्हे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत लाकडी फळ्यांच्या, कडा उचललेल्या गोल मैदानांवर मोटारसायकलींच्या शर्यती होत. त्याच मैदानांची छोटी नक्कल १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या जत्रेत आली, मग भिंती उभ्या होत गेल्या. मोठ्या मैदानांचा वारसा आज तिथल्या स्टॉक कार शर्यतींत दिसतो. फ्लोरिडातले डेटोनाचे मैदान १९५९ चे. चार किलोमीटरचा लंबगोल, वळणावर रस्ता ३१ अंशांनी तिरपा, गाड्यांचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि अशा दोनशे फेऱ्या. मोबाइलवर आमची मुले हे पाहतात, आणि पाहतात त्यात मुख्यतः गाड्या उलटताना.

मोबाइलवर दिसत नाही ती पुढची गोष्ट. १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेल अर्नहार्ट हा तिथला सर्वात नावाजलेला चालक डेटोनाच्या अगदी शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. टक्कर दिसायला फार भयंकर नव्हती. मान झटक्याने पुढे जाऊन कवटीच्या तळाला इजा झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून हेल्मेट खांद्यांशी बांधून ठेवणारे साधन प्रत्येक चालकाला सक्तीचे झाले. पुढच्या वर्षापासून काँक्रीटच्या भिंतींपुढे धडक झेलणाऱ्या पोलादी भिंती येऊ लागल्या. अपघात होताच पिवळे निशाण निघते आणि सगळ्या गाड्या वेग उतरवून एका रांगेत चालतात. पुढे काढली तर शिक्षा. २०२० मध्ये त्याच डेटोनाला, शेवटच्याच फेरीत, रायन न्यूमनची गाडी हवेत उडून उलटी पडली. दोन दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून दवाखान्यातून चालत बाहेर आला.

मराठीतला ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’मधून आला आहे. उर्दूत शर्त म्हणजे पैजही आणि अटही. इस्लामने शर्यतीला मनाई केलेली नाही. बुखारी शरीफमध्ये हजरत इब्ने उमर (रजि.) यांची हदीस आहे की प्रेषितांनी (स.) घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयार केलेल्या घोड्यांना पाच-सहा मैलांचे अंतर होते. जे घोडे तयार नव्हते त्यांना मैलभरच. स्वतः इब्ने उमर त्यात धावले होते. दोन्ही बाजूंनी पैसे लावले तर तो जुगार, हेही फिकहच्या ग्रंथांत स्पष्ट आहे. आम्हाला त्यातली ती मैलभराची सोय फार मोलाची वाटते. तयारी नसलेल्याला लांबच्या शर्यतीत उतरवलेच नाही.

आता शब-ए-बरातची रात्र आठवा. मशिदीत लोक नफिलमध्ये, कब्रस्तानात दुआ चाललेली, आणि रस्त्यावर पंधरा-सोळा वर्षांची पोरे एका गाडीवर तिघे, सायलेन्सर काढून, पुढचे चाक उचलून. दरवर्षी पोलीस आणि उलेमा दोघेही मोठ्या शहरांत आवाहन करतात. गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर तर आवाहन करणाराही कोणी नसतो. कुठली शर्त आहे या शर्यतीला? पिवळे निशाण कोण दाखवणार? समोरून ऊस भरलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर येतो आणि त्याला शर्यत चालू असल्याचे ठाऊकही नसते.

चावी मात्र घरातूनच जाते. “अम्मी, बस एक चक्कर,” म्हटले की आई विरघळते, आणि अब्बांना मुलगा मोठा झाल्याचे कौतुक. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायदा याबाबतीत कडक आहे. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे होईपर्यंत परवाना नाही. हे आम्ही पालकसभेत सांगितले की बायका गप्प होतात आणि पुरुष म्हणतात, “सर, गावात कोण विचारतो?”

राहता राहिला मौत का कुआँ. तिथले चालक पोटासाठी दिवसातून कित्येक वेळा भिंतीवर चढतात, बहुधा हेल्मेटशिवाय, आणि कठड्यावरून आपण धरलेली दहा-वीसची नोट घ्यायला एक हात सोडतात. नोट जितकी पुढे, तितकी गाडी कडेला जवळ. त्यांच्या कसबाची कदर करायची असेल तर जरूर करावी. खेळ संपू द्यावा, इंजिन बंद होऊ द्यावे, आणि खाली उतरून नोट त्यांच्या हातात द्यावी. पोराला सोबत न्यावे, म्हणजे त्या हातांवरचे व्रण त्यालाही दिसतील.