‘बरा झाला’ म्हणजे काय झालं?

दोस्तांनो, येरवडा म्हटलं की बाहेरच्यांना तुरुंग आठवतो, मेंटल हॉस्पिटल आठवतं. आपल्याला २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार आठवतो. त्यावर आपण रात्र रात्र भांडतो. भांडलंच पाहिजे. पण लक्ष्मीनगरच्या, नागपूर चाळीच्या बोळांत टीबी होऊन गेलेल्या माणसांच्या छातीत आज काय चाललंय, यावर कुणी तोंड उघडत नाही.

कोर्स संपला, थुंकी साफ आली, कार्डावर लिहिलं ‘बरा झाला’. जंतू मेला, हे खरंच. पण त्यानं खाल्लेलं फुफ्फुस पहिल्यासारखं भरत नाही. तिथं चिवट व्रण राहतो. वर्षानुवर्षं सूज, वर्षानुवर्षं डागडुजी. त्या डागडुजीत एखादी पेशी चुकली तर कॅन्सरची सुरुवात. देशोदेशींचे अभ्यास एकत्र मांडले तेव्हा टीबी होऊन गेलेल्यांत फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका जवळपास पावणेदोन पट निघाला. विडीला कधी हात न लावलेल्यांतही तो वाढलेला दिसला. बहुतेकांना कॅन्सर होत नाही, हेही तेवढंच खरं. भीती घालायला मी हे लिहीत नाही.

माझा राग वेगळाच हाय. खोकला, उतरलेलं वजन, थुंकीत रक्त : दोन्ही रोगांची लक्षणं तीच. एक्स-रेवरचा डागही फसवा. त्यात पत्ता झोपडपट्टीतला, टीबी जुना; झालं! थुंकीत जंतू नसला तरी पुन्हा टीबीच्याच गोळ्या. तोवर गाठ वाढते. म्हणजे आपली वस्ती हेच आपलं निदान!

सरकारी नियमात उपचारानंतर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासणी सांगितलीय. आपापल्या बोळात विचारा, कितीजणांची झाली? आणि व्रण काय दोन वर्षांनी रिटायर होतो?

म्हणून मागणी स्पष्ट करा. कोर्स संपताना काढलेला एक्स-रे पेशंटच्या हातात द्या. नवा डाग जुन्याशी ताडून बघता आला पाहिजे. जंतू सापडत नसेल, गोळ्यांनी डाग हलत नसेल, तर सीटी स्कॅन करा, तुकडा काढून तपासा, तोही फुकट. पोरांनो, विडी-सिगारेट फेका. व्रणावर धूर म्हणजे दुहेरी मार. आणि बिनखिडकीच्या दहा बाय दहाच्या खोलीत चुलीचा धूर गिळणाऱ्या आयांसाठी घर मागा, हवा मागा. टीबी त्याच खोलीत पसरतो. गोळी जंतू मारते, खोलीला खिडकी पाडत नाही. ती आपल्यालाच पाडावी लागेल.