संगणकाशी गट्टी : हे यंत्र बंद करू नका!

दोस्तांनो, मागच्या खेपेला आपण शाळेतले आठ संगणक वायरींनी जोडले. पण तुमचा प्रकल्प तिसऱ्या संगणकावर आणि तिथे आज दुसराच कुणी ठाण मांडून बसलाय, मग काय करणार? सगळ्यांच्या फायली ठेवायला एकच जागा हवी. ती जागा म्हणजे सर्व्हर. नाव भारदस्त आहे, पण घाबरू नका. वाणी कसा मागाल ते काढून देतो, तसंच त्याचं काम. आठ जणांपुरता एखादा जुना संगणकही चालतो.

आधी जागा ठरवा. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला वेब सर्व्हर आपल्या काळ्या नेक्स्ट संगणकावर चालवला. कुणी चुकून बटण दाबलं तर? म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवली होती आणि लाल शाईत बजावलं होतं, की हा सर्व्हर आहे, बंद करू नका! आपल्याकडे तर शिपाईकाका संध्याकाळी मेन स्विचच बंद करतात. तेव्हा चिठ्ठी लावाच, पण आधी काकांशी बोला. यूपीएसही हवा. तो रात्रभर पुरत नाही, बरं का! सर्व्हर नीट बंद करण्यापुरती काही मिनिटं मिळतात, इतकंच.

मग पत्ता. राऊटर बाकीच्यांना पत्ते वाटतो आणि ते बदलूही शकतात. सर्व्हरचं घर रोज बदललं तर पोस्टमन काय करणार? म्हणून त्याला एकच पत्ता नेमून द्या, समजा १९२.१६८.१.१०, आणि तो दुसऱ्या कुणाला मिळणार नाही असं राऊटरमध्ये ठरवून ठेवा.

लिनक्सवरून विंडोजच्या संगणकांना फायली द्यायला 'सांबा' नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. (सांबार नव्हे!) ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांना एस, एम, बी ही अक्षरं असलेलं नाव हवं होतं. त्यांनी संगणकालाच शब्दांच्या यादीत शोधायला लावलं, त्यात हा शब्द सापडला.

आता माझी फजिती ऐका. एका शाळेत मी सर्व्हरला दोन डिस्क बसवल्या. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उमटायचं. मी निर्धास्त! एके दिवशी एका मुलाकडून वार्षिक अंकाचा फोल्डर चुकून पुसला गेला आणि तो दोन्हीकडून पुसला गेला. आरशासमोर मिशी कापली, तर आरशातली उरेल का? बिचारा रडवेला झाला, पण चूक माझीच होती. मुलांनी वह्या शोधून पुन्हा टाईप करायला घेतलं, तरी तीन कविता गेल्या त्या गेल्याच.

तेव्हापासून दर शुक्रवारी सगळ्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतो. मग ती डिस्क काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात. महिन्यातून एकदा तिच्यातली एखादी फाईल उघडूनही बघतो, कारण न उघडणारी प्रत काय कामाची?

पुढच्या अंकात बघू, कुणाला कुठला फोल्डर पुसता यावा आणि कुणाला नुसता वाचता यावा. तोवर काकांना गाठा!