विकिपीडियावर तुमचा पहिला बदल टिकेल कसा? मंगरूळपीरच्या उदाहरणातून समजून घ्या

फोनवर कुठल्याही गावाचं नाव सर्च करून बघा. वर एक चौकोन येतो, त्यात नकाशा, फोटो आणि दोन-चार ओळींची माहिती. हल्ली तर एआयने तयार केलेलं उत्तरच आधी समोर येतं. ही माहिती बऱ्याचदा विकिपीडियावरून उचललेली असते. म्हणजे तुमच्या तालुक्याबद्दल बाहेरच्या माणसाला काय कळणार, हे विकिपीडियावर कोणी काय लिहून ठेवलंय यावर ठरतं. कोणीच काही लिहिलं नसेल, तर उत्तर अर्धवट येतं नाहीतर चुकीचं.

१५ जानेवारी २०२६ ला विकिपीडियाला २५ वर्षं पूर्ण झाली. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ ला, म्हणजे अगदी महाराष्ट्र दिनी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते आणि आपल्या विकिपीडियावर लेख आहेत एक लाखाच्या आसपास. आपल्यापेक्षा कमी भाषिक असलेल्या तमिळमध्ये दीड लाखाहून जास्त लेख आहेत, तर इंग्रजीत ७० लाखांच्या वर.

मराठीत लिहिणारे का वाढत नाहीत? लोकांना विकिपीडिया संपादित करता येतो हे माहीतच नसतं, असं नेहमी सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. मी मूळचा मंगरूळपीरचा. आमच्याकडच्या कॉलेजमधल्या मुलामुलींना मी अधूनमधून फोनवर विकिपीडिया वापरायला शिकवतो. माझा अनुभव असा की पहिला बदल करणं कोणालाच अवघड जात नाही. पण तो बदल दुसऱ्या दिवशी गायब झालेला दिसतो, का गायब झाला हे कोणी सांगत नाही आणि मग तो मुलगा किंवा मुलगी परत तिकडे फिरकत नाही.

म्हणून नवख्या माणसाला मदत करायची, तर एकच ध्येय ठेवावं. त्याचा पहिला बदल टिकला पाहिजे.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७ मध्ये सर्वात जास्त होती, त्यानंतर ती घसरत गेली. २०१३ मध्ये संशोधकांनी याचं कारण शोधलं. खोडसाळपणा रोखण्यासाठी जी स्वयंचलित साधनं आणि कडक नियम आले, त्यांच्या तडाख्यात चांगल्या हेतूने लिहिणारे नवखेही सापडू लागले. पहिलंच काम उडवलं गेलं की माणूस टिकत नाही, असं त्यातून दिसलं. त्याच काळात, २०१२ मध्ये, इंग्रजी विकिपीडियाने नवख्यांनी बिनधास्त प्रश्न विचारावेत म्हणून ‘टीहाउस’ नावाची जागा सुरू केली. मराठीतही अशा जागा आहेत, आणि नावं तर आपल्या मातीतलीच आहेत. गप्पा आणि चर्चेसाठी ‘चावडी’, अडचणींसाठी ‘मदतकेंद्र’ आणि सरावासाठी ‘धूळपाटी’.

आता यात एआयची भर पडली आहे. विकिमीडिया फाउंडेशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं की विकिपीडियाची पानं बघायला येणाऱ्या माणसांचं प्रमाण वर्षभरात साधारण ८ टक्क्यांनी घटलं. उत्तर सर्चमध्येच मिळतंय, तर पान कोण उघडणार? आणि पान उघडलंच नाही तर त्यावरची पेन्सिलची खूण दिसणार कशी? नवे लोक कमी येणार असतील, तर जे येतात त्यांना गमावणं छोट्या विकिपीडियाला अजिबात परवडणारं नाही.

मंगरूळपीर नेमकं कोणत्या जिल्ह्यात?

टिकणारा बदल कसा असतो, हे आमच्याच गावावरून बघू. प्रश्न सोपा वाटतो ना? मंगरूळपीर वाशिम जिल्ह्यात आहे. पण हे उत्तर १ जुलै १९९८ पासूनचं. त्या दिवशी अकोला जिल्ह्यातून वाशिम वेगळा झाला. त्याआधी आमचा तालुका अकोल्यात होता. त्याच्याही मागे गेलं, तर इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात ‘बासीम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता आणि त्याचे तीन तालुके होते: बासीम, मंगरूळ आणि पुसद. १९०५ मध्ये तो मोडला. बासीम आणि मंगरूळ अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळला गेला.

म्हणजे एका गावाची तीन उत्तरं, आणि तिन्ही आपापल्या काळात बरोबर. जुना दस्तऐवज वाचून कोणी ‘मंगरूळ, जि. अकोला’ असं लिहिलं, तर ते खोटं नाही, फक्त वर्ष सांगायचं राहिलंय. अशी दोन वाक्यं गावाच्या पानावर नीट संदर्भासह घातली, तर ती उडवायचं कोणालाच काही कारण नाही. संदर्भही घरबसल्या सापडतो. १९१० चं अकोला जिल्हा गॅझेटियर आणि ‘इम्पीरियल गॅझेटियर’ इंटरनेटवर फुकट वाचता येतात. इतकी जुनी सरकारी पुस्तकं आता कॉपीराइटमधूनही मोकळी आहेत, कारण भारतात सरकारी प्रकाशनाचा कॉपीराइट ६० वर्षांनी संपतो.

नावाचंही असंच आहे. कोणी ‘मंगरूळपीर’ लिहितं, कोणी ‘मंगरुळपीर’. गावात पीर दादा हयात कलंदर यांचा दर्गा आहे आणि बिरबलनाथ महाराजांचं मंदिरही आहे. काही बातम्यांत गावाचं नाव ‘मंगरूळनाथ’ असंही छापलेलं दिसतं. त्यात अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर नावाचं वेगळंच गाव आहे. नवख्याला इथे मोह होतो तो पानाचं शीर्षकच बदलून टाकायचा. तसं करू नका. वेगवेगळी नावं सर्चमध्ये टाकली तरी योग्य पानावर पोचवण्यासाठी विकिपीडियावर ‘पुनर्निर्देशन’ असतं आणि सारख्या नावांचा गोंधळ मिटवायला ‘निःसंदिग्धीकरण’ पान असतं. शीर्षकाबद्दल वेगळं मत असेल, तर ते लेखाच्या ‘चर्चा’ पानावर संदर्भासह मांडायचं.

आणखी एक सोपं काम आहे. मराठी विकिपीडियावर गावांची हजारो पानं एकाच साच्यातली आहेत. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा असे मथळे असतात आणि खाली बऱ्याचदा काहीच नसतं. पान आहे, पण गाव त्यात नाही! तो रिकामा मथळा भरायला गावातल्या माणसाइतकं योग्य दुसरं कोण?

फोनवरून पहिला बदल: क्रमाने असं करा

१. मराठी विकिपीडिया उघडा आणि खातं तयार करा. ईमेल नक्की जोडा, नाहीतर पासवर्ड विसरलात की खातं गेलं. खऱ्या नावाची सक्ती नाही. संस्थेचं किंवा दुकानाचं नाव मात्र घेऊ नका.

२. पहिला सराव ‘धूळपाटी’वर करा. तिथे काहीही लिहा, पुसा. कोणी रागावत नाही.

३. तुमच्या गावाचं किंवा तालुक्याचं पान उघडा आणि आधी नुसतं वाचा. एकच चूक शोधा. शुद्धलेखनाची चालेल, जुनाट माहितीही चालेल. उदाहरणार्थ, समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता ५ जून २०२५ ला खुला झाला. कुठल्या पानावर अजून ‘काम सुरू आहे’ असं दिसलं, तर तुमचं काम सापडलं.

४. पेन्सिलवर टॅप करा, बदल करा आणि संदर्भ जोडा. जनगणनेची जिल्हा पुस्तिका, जिल्ह्याची सरकारी वेबसाइट, गॅझेटियर, वर्तमानपत्रातली बातमी हे सगळं चालतं. व्हॉट्सअॅपवर आलेला फॉरवर्ड चालत नाही, ‘आमचे आजोबा सांगायचे’ हेही चालत नाही. आजोबा खरंच सांगत असतील, पण वाचणाऱ्याला ते तपासता येत नाही.

५. बदल प्रकाशित करताना ‘सारांश’ची जागा रिकामी सोडू नका. ‘जिल्हा निर्मितीची तारीख जोडली, संदर्भ दिला’ एवढं पुरे. तुमचा बदल तपासणारा माणूस सगळ्यात आधी हीच ओळ वाचतो.

लिहायचा कंटाळा असेल, तर फोटो काढा. गावातलं जुनं देऊळ, दर्गा, बाजार समिती, पावसाळ्यातलं सोयाबीनचं शेत. स्वतः काढलेला फोटो ‘विकिमीडिया कॉमन्स’वर टाकला की तो जगातल्या कोणत्याही भाषेच्या विकिपीडियावर वापरता येतो. पण एक लक्षात ठेवा, तिथे टाकलेला फोटो श्रेय देऊन कोणीही वापरू शकतो, अगदी धंद्यासाठीसुद्धा. ते मान्य असेल तरच टाका, आणि दुसऱ्याचा फोटो तर कधीच नको.

बदल उडाला तर?

‘इतिहास’ उघडा. कोणी, कधी आणि काय कारण देऊन बदल उलटवला, हे तिथे दिसतं. कारण पटलं तर सुधारून परत घाला. नाही पटलं, तर त्या सदस्याच्या चर्चा पानावर किंवा चावडीवर नम्रपणे विचारा. तोच बदल पुन्हा पुन्हा घालत बसलात, तर खात्यावर बंदी येऊ शकते.

काही गोष्टी हमखास उडतात, त्या पहिल्या दिवशी टाळलेल्या बऱ्या. स्वतःवर, आपल्या सरांवर, यूट्यूब चॅनलवर किंवा भावी नगरसेवकावर लेख. वर्तमानपत्रातला मजकूर जसाच्या तसा. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेलं नयनरम्य गाव’ छाप वर्णन. आणि चॅटबॉटकडून लिहून घेतलेला अख्खा लेख.

यातल्या शेवटच्या गोष्टीचा धोका मोठा आहे. ग्रीनलँडिक भाषेच्या विकिपीडियावर ती भाषा न येणाऱ्यांनी मशीन भाषांतरं टाकली आणि अखेर २०२५ मध्ये तो विकिपीडिया बंद करायचा निर्णय झाला. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर तर एका अमेरिकन मुलाने ती भाषा येत नसताना हजारो लेख लिहिले होते, ते २०२० मध्ये उघडकीला आलं. एआय मॉडेल्स विकिपीडियाही वाचून भाषा शिकतात. आज आपण तिथे मोडकंतोडकं मराठी ओतलं, तर उद्या फोन आपल्याशी तसंच मराठी बोलणार.

केसबिस तर होणार नाही ना?

हा प्रश्न मला हल्ली दर वेळी विचारला जातो, आणि त्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ सिनेमा आल्यानंतर छत्रपती संभाजी महाराजांबद्दलच्या विकिपीडियावरच्या मजकुरावरून वाद झाला. मुख्यमंत्र्यांनी सायबर पोलिसांना विकिपीडियाशी संपर्क साधायला सांगितलं आणि महाराष्ट्र सायबरने काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला. त्यामुळे भीती अनाठायी आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी तुमचीच असते, मग ते विकिपीडिया असो की इन्स्टाग्राम. पण वाशिम जिल्ह्याची स्थापना, तालुक्यातली गावं, बाजारपेठ, नद्या हे विषय वादाचे नाहीत. सुरुवात तिथून करा. संदर्भ देऊन आपलं मत बाजूला ठेवायची सवय हाताला लागली, की अवघड विषय कधी हाताळायचा आणि कधी नाही, हे आपोआप कळायला लागतं.

शिकवणाऱ्यांनो, तुमच्यासाठी

मराठी भाषा पंधरवड्यात किंवा २७ फेब्रुवारीला कॉलेजांमध्ये विकिपीडियाच्या कार्यशाळा होतात. चांगलंच आहे. पण ४० मुलं, एक वायफाय आणि ‘प्रत्येकाने एक लेख तयार करा’ असं फर्मान, हे गणित फसतं. एकाच आयपी पत्त्यावरून दिवसाला साधारण ६ च नवी खाती उघडता येतात, त्यामुळे निम्मी कार्यशाळा खातं उघडण्यातच जाते. खाती आधीच घरून उघडून आणायला सांगा. लेखांची संख्या मोजू नका, आठवड्याने किती बदल शिल्लक आहेत ते मोजा. आणि त्या आठवड्यात मुलांनी प्रश्न विचारला, तर उत्तर द्यायला कोणीतरी हजर असू द्या.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण स्टेटस ठेवले. वाशिम २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्याबद्दल बाहेरचे लोक बहुतेक आकडेवारीतूनच बोलतात. तिथल्या गावाला बाजार आहे, जत्रा आहे, शंभर वर्षांचा कागदोपत्री इतिहास आहे, हे त्याच गावातलं कोणीतरी लिहिणार, नाहीतर कोणीच नाही.

आज तुमच्या गावाचं पान उघडा. काय चुकलंय, काय राहिलंय ते बघा. एकच वाक्य दुरुस्त करा, संदर्भ जोडा आणि आठवड्याने ते जागेवर आहे का ते पुन्हा बघा.