विश्लेषण : ‘विक्रांत’ बाइकमध्ये उरली म्हणायचे का?

पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यांवर बजाजची ‘व्ही १५’ अजूनही अधूनमधून दिसते. ‘आयएनएस विक्रांत’चा धातू या बाइकमध्ये आहे, असे आकुर्डीत मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने २०१६ मध्ये जाहीर केले आणि लोकांनी ती कौतुकाने घेतली. त्यात वावगे काही नाही. कंपनीने विकत घेतले ते भंगार. प्रश्न आहे, ते भंगार झालेच कसे?

भारताची पहिली विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी नौदलात आली. १९७१ च्या युद्धात तिच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेले होते, वेग घटला होता. तरीही ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावच्या बंदरांवर हल्ले चढवले. तिला बुडवायला निघालेली पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी विशाखापट्टणमजवळ स्वतःच बुडाली.

३१ जानेवारी १९९७ रोजी ‘विक्रांत’ निवृत्त झाली. पुढे मुंबईत तिच्यावर संग्रहालय चालले. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून तेही बंद झाले. खाऱ्या पाण्यात उभे पोलाद रोज गंजते आणि देखभाल जितकी लांबते तितका खर्च वाढतो, हे कोणत्याही मेंटेनन्सवाल्याला ठाऊक असते. कायमच्या जागेचा आणि पैशांचा निर्णय मात्र झाला नाही. राज्य सरकारने खर्च झेपत नसल्याचे सांगितले. अखेर सुमारे ६० कोटींना लिलाव झाला आणि २०१४ च्या अखेरीस मुंबईत दारूखान्याला तोडकाम सुरू झाले.

आता ‘धातूतून जतन’ या दाव्याबद्दल. भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत कुणालाही विचारा, भट्टीत वितळलेला तुकडा कुठला होता हे नंतर ओळखता येत नाही. टेस्ट रिपोर्टमध्ये कार्बन-मँगनीजचे प्रमाण मिळेल, १९७१ मिळणार नाही. बॉयलर रूम किती अरुंद होती, विमान किती छोट्या डेकवर उतरायचे, हे जहाजावर उभे राहूनच कळते.

‘कुरसुरा’ पाणबुडी २००१ मध्ये निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी ती विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर जमिनीवर पक्की बसवून संग्रहालय म्हणून खुली झाली. पाणबुडी लहान असते, हे खरे. पण तिथे वर्षभरात निर्णय झाला, इथे पंधरा वर्षांत झाला नाही.

‘विराट’च्या वेळी तरी शहाणपण येईल, असे वाटले होते. २०१८ मध्ये सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरीही दिली. सप्टेंबर २०२० मध्ये ‘विराट’ अलंगला ओढून नेण्यात आली, तोडण्यासाठी.