थांबलेली गव्हाण

मांजरी बुद्रुकला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. 1975 साली साखर कारखानदारांनीच उभी केलेली ही संस्था उसाचे वाण, साखर-उतारा, यंत्रसामग्री यांचा अभ्यास करते. तिथून जवळच थेऊरला अण्णासाहेब मगरांच्या पुढाकाराने उभा राहिलेला यशवंत सहकारी साखर कारखाना 2011 पासून बंद आहे. उसाचे शास्त्र आणि उसाचे स्मशान इतक्या शेजारी क्वचितच पाहायला मिळावे.

एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही थेऊरला गेलो ते खरे तर ‘स्वामी’च्या निमित्ताने. चिंतामणीचे दर्शन झाले, माधवराव आणि रमाबाई यांच्याविषयी बोलणे झाले. परतताना कारखान्यापाशी थांबलो. मुलांनी लगेच मोबाइल काढले. गंज, वाढलेले गवत, निश्चल धुराडे. छायाचित्रे उत्तम येणार होती. आम्हीही क्षणभर मोहात पडलो, हे कबूल केले पाहिजे. भग्नतेचे सौंदर्य हा विषय वर्गात रंगवून सांगायची आम्हाला सवयच आहे.

मग एका मुलीने विचारले, “गव्हाण म्हणजे काय?” तिला जनावरांची गव्हाण ठाऊक होती, उसाच्या मोळ्या पडतात ती कारखान्याची गव्हाण ठाऊक नव्हती. गळीत हंगाम, भोंगा, मळी, चिटबॉय, फड, उचल हे सगळे शब्द समजावताना आमच्या लक्षात आले, की ‘कोयता’ या शब्दाचा अर्थ सांगणे सर्वांत अवघड आहे. इथे कोयता म्हणजे हत्यार नव्हे. ऊस तोडणारे नवराबायको मिळून एक कोयता. दोन माणसांची गणना एका अवजारात करणारी ही भाषा आमच्या अभ्यासक्रमात कुठे आहे?

मुंबईच्या गिरण्यांच्या वाट्याला निदान जयंत पवारांचे ‘अधांतर’ आले. 1982 च्या संपानंतरची होरपळ रंगभूमीवर उभी राहिली. बंद साखर कारखान्याला तेवढ्या ताकदीचे नाटक मराठीत मिळाले असे आम्हाला वाटत नाही. आमच्या मते याचे कारण नाट्याच्या अभावात नाही. गिरणीला मालक होता, त्यामुळे बाजू ठरत होत्या. सहकारी कारखान्याचा मालक म्हणजे ऊस घालणारा सभासदच. बॉयलर विझला की तो कामगारांना थकलेल्या पगाराचे उत्तर देऊ लागतो आणि स्वतःच्या उसाचे पैसेही मागत राहतो. वार्षिक सभेत हात वर करून संचालक मंडळाला मंजुरी देणाराही तोच. अशा माणसाला बळी म्हणावे की भागीदार, हे ठरवण्याची जोखीम लेखकाने घ्यायला हवी. ग्रामीण साहित्याने सावकार, पाटील, दुष्काळ हे शत्रू नीट ओळखले. स्वतःच्याच शेअर सर्टिफिकेटवरचा शत्रू त्याला अडचणीचा वाटतो.

फाटकाबाहेर एक वृद्ध गृहस्थ आमचे बोलणे ऐकत उभे होते. आपण सभासद आहोत, एवढेच त्यांनी सांगितले. नंतर मुलांकडे पाहून म्हणाले, “फोटो काढा, पण बंद पडलाय असं खाली लिहू नका.”

मुलांनी मोबाइल खिशात ठेवले. काय लिहावे, हे आम्हालाही सुचले नाही.