वावराचा भाव कपाशी ठरवत नाही



एकराला काय भाव चालू आहे, हा प्रश्न पारावर रोज निघतो. आम्ही आधी साधा हिशोब मांडतो. कोरडवाहू एकरात पाच क्विंटल कापूस झाला असे धरा. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये. तो पूर्ण पदरात पडला (पडतोच असे नाही!) तर 40550 रुपये झाले. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचाई आणि घरच्या माणसांची मजुरी मिळून खर्च 32000 धरा. उरले साडेआठ हजार. एवढे व्याज मिळवायला बँकेत आठ टक्क्यांनी लाख-सव्वालाख ठेवले की पुरे. ज्वारीचा हिशोब तर मांडायलाच नको. मग गावात याच्या कितीतरी पट भाव बोलला जातो, तो कशाचा?

पहिला रस्त्याचा. पण रस्ता म्हणजे चढता-उतरता येईल असा. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा या आपल्याच कापसाच्या जिल्ह्यांतून गेला आणि जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. दोन्ही बाजूंनी तो बंद आहे. गाड्या धुऱ्याशेजारून धावतात, वावरातली बैलगाडी मात्र पांदणीच्या चिखलातच. पांदणच अडलेली असेल तर गिऱ्हाईक भाव पाडूनच मागते. जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 प्रमाणे तहसीलदार धुऱ्यावरून वाट देऊ शकतो. विकायचे असो वा नसो, अर्ज करून ठेवावा. विहिरीचेही तसेच, सातबाऱ्यावर नोंद नसेल तर सौद्यात ती मोजली जात नाही.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. शेतजमीन परवानगीशिवाय शेतकऱ्यानेच घ्यायची, तीही कोरडवाहू असेल तर कमाल 54 एकरांपर्यंत, असा कायदा. शेतकऱ्याच्या खिशात काय आहे ते वर मांडलेच आहे. ज्या मालाची गिऱ्हाइके कायद्यानेच कमी केली, त्याचा भाव चढणार कसा?

पण सगळ्यांत घात होतो तो कागदावर. खरेदीखतात रेडी रेकनरचा आकडा, बाकी रोख. मुद्रांक शुल्क वाचते ते घेणाऱ्याचे, आणि बुडते सारे गाव. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरवताना जवळपासच्या तशाच जमिनींची आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखते काढतात. त्यांतली चढ्या भावाची निम्मी घेऊन सरासरी करतात, रेडी रेकनरशी ताडून जास्तीचा आकडा धरतात. त्याला सरकारने ठरवलेला 1 ते 2 चा गुणक, आणि वर तेवढीच दिलासा रक्कम. एकरी दहा लाखांचे सौदे चार लाखांचे लिहिले गेले, तर गुणक 1 असतानाही मोबदला वीस लाखांऐवजी आठ लाखांवर येतो. कालव्यात वावर जाते त्या शेजाऱ्याने तर सहीसुद्धा केलेली नसते!

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना आपापल्या गावातल्या गेल्या तीन वर्षांच्या खरेदीखतांचे आकडे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून काढून आणावेत. बोलीचा भाव शेजारी वेगळा लिहावा. आम्ही दोन्ही तालुकावार मांडून बैठकीपुढे ठेवू.