धर्मगुरूंचे काम कोणते?

‘धर्मगुरूंनी प्रार्थना सांभाळावी, आंदोलने इतरांवर सोडावीत’ हे गेल्या अंकातले पत्र मुळीच पटले नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो म्हणजे ‘सुबोध बायबल’चे कर्ते, ‘सुवार्ता’ मासिकाचे माजी संपादक, २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. तेच वसईत ‘हरित वसई संरक्षण समिती’ घेऊन पाणीउपशाविरुद्धही रस्त्यावर उतरले होते. टँकरवाल्यांनी विहिरीचे गोडे पाणी उपसून नेले की खारे पाणी आत शिरते, केळीची वाडी करपते. त्या वाडीवाल्याला रविवारी चर्चमध्ये शेजारधर्म कोणत्या तोंडाने सांगायचा? लढ्यात सर्व धर्मांचे लोक होते, त्यामुळे धर्मांतराचा (हल्ली लगेच येणारा) संशयही इथे गैरलागू. आमच्या पवईच्या टॉवरांतही टँकर येतात. पाणी कुठल्या विहिरीचे, हे सोसायटीच्या सभेत कुणी विचारल्याचे आठवत नाही.

— एक वाचक, पवई